छातीठोक

मोज्यांच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची.
त्यातली पंधरा मला दिलेली,
आणि एक यादी: बावन्न नावं, प्रत्येकीपुढे रिकामा चौकोन,
अंगठ्यांसाठी लाल शाईची डबी.
गुरुवारी शाओशिंगहून व्हॅन येणार.
मॅनेजर म्हणाले, ठसे घ्या आणि मोकळ्या व्हा,
समजावत बसू नका, भात थंड होतो.

बसलेच मी.
बांबूच्या सुपात सोयाबीन ओतलं.
म्हटलं, ह्या समजा आपल्याच वयाच्या बाया.
हे मूठभर बाजूला:
यांना पुन्हा बोलावणं येईल, आठवडाभर झोप नाही,
आणि शेवटी काहीच नसेल.
हा एक यंत्राला वेळेवर सापडेल.
हा यंत्राच्या नजरेतून सुटेल.
आणि हा
(इथे मी दर वेळी अडखळते)
ह्याच्यात असेल काहीतरी,
पण ते जन्मभर निजूनच राहिलं असतं.
आता मात्र सुरी, सलाईन, उशीवर गळालेले केस.

कुणी विचारलं, म्हणजे करायची की नाही, एकदा सांगा ना.
कुणी म्हणालं, जेवताना त्या आजाराचं नाव कशाला.
एकीने दाणा उचलून तोंडात टाकला,
कच्चाच.

फान युएझन मागच्या बाकावर.
एकवीस वर्षं ती मोजे तपासते.
काचेचा पाय, पायात दिवा,
त्यावर मोजा चढवायचा,
बोटं फिरवायची घोट्यापासून चवड्यापर्यंत.
दिवसाला दोन हजार पाय,
एकही चालत नाही.

ती म्हणाली, ते दाणे ठेव बाजूला.
दिव्यावर धरलं की काही ना काही दिसतंच.
एखादा टाका सुटलेला असतो
आणि पहिल्याच धुण्यात पार उसवतो.
एखादा सुटलेला असतो
आणि मोजा झिजून जातो तरी तसाच.
दिव्याला दोन्ही सारखे.
मी दोन्ही टोपलीत टाकते,
मोज्याला दुखत नाही म्हणून.

आणि वीण दाट असली की दिवाच आंधळा.
आपल्याकडच्या बायांची वीण दाट असते म्हणतात,
खरं का ते?

पुष्कळींची असते, मी म्हटलं.

मग बराच वेळ नुसत्या काड्यांचा आवाज, वाट्यांवर.

माझ्या नणंदेनं गाठ झाकून ठेवली, ती म्हणाली,
आधी चहाची तोड संपू दे म्हणत.
तोड संपली.
एवढंच बोलली, आणि वाटीतला उरलेला रस्सा पिऊन टाकला.

मॅनेजर छातीठोक सांगतात, करा.
माझी सासू छातीठोक सांगते, नको.
दोघांनाही छाती माझीच सापडते ठोकायला.
हशा पिकला. मीही हसले.
तेवढ्यात ती माझ्याकडे वळली:
तू छातीवर हात ठेवून सांग, तू केलीस?

ठेवला हात. कोटाच्या खिशातलं पेन मधे आलं.
म्हटलं, दोनदा केली.
तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा गेले नाही.
विचार करून नाही,
नुसती घाबरले.
त्याला ठरवणं म्हणत नाहीत.

भोंगा झाला.
ठसे एकोणीस. बाकीचे चौकोन पांढरेच.
मॅनेजर यादीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे.
जाता जाता युएझनने माझ्या हातात
पाकिटावर चिकटवायचं लेबल ठेवलं,
मागे पेन्सिलीने तीन ओळी:

निकाल आधी कोण वाचणार, मी की कारखाना?
फोटोत नुसतं पांढरंच दिसलं, तर पुढे काय?
या वर्षी नको म्हटलं,
तर पुढच्या वर्षी पुन्हा विचाराल ना?

पहिल्याचं उत्तर मला शोधावं लागेल.
आज सोमवार.